विल्को : एवढा गोंगाट करून झाल्यावर पुन्हा साधी गाणी का?

रामबागकर (धागाकर्ता)

'सध्या काय ऐकताय' धाग्यावर मी विल्को या अमेरिकन रॉक बँडच्या 'स्काय ब्लू स्काय' अल्बमचं नाव टाकलं आणि दोघातिघांनी लगेच नाकं मुरडली. 'विल्को तिथेच संपला', 'रविवारी सकाळी पोहे खाताना लावायची गाणी' वगैरे. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. २००७चा हा अल्बम मला माघार वाटत नाही. आधीच्या दोन अल्बमांत प्रयोग दिसायचा तो बराचसा स्टुडिओत घडवलेला: आवाजावर आवाज चढवायचे, मग कापायचे, मिक्समध्ये उलथेपालथे करायचे. इथे तो वाजवणाऱ्यांच्या हातात आलाय, आणि हाताची करामत पटकन कानावर आदळत नाही.

ज्यांनी विल्को ऐकलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. शिकागोचा बँड. अंकल टुपेलो नावाचा जुना बँड १९९४ साली फुटला, त्यातून जेफ ट्वीडीनं हा उभा केला. पहिला अल्बम १९९५चा, सरळसोट कंट्री-रॉक. १९९९च्या 'समरटीथ'पासून कीबोर्डचे थर चढायला लागले. आणि मग ते प्रसिद्ध प्रकरण: 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' तयार झाला, रिप्राइज कंपनी म्हणाली आम्हाला नको. बँड रेकॉर्डिंग घेऊन बाहेर पडला, सप्टेंबर २००१मध्ये सगळा अल्बम आपल्या संकेतस्थळावर फुकट ऐकायला ठेवला, आणि एप्रिल २००२मध्ये नॉनसच कंपनीनं तो रीतसर काढला. मजा म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच टाइम वॉर्नरच्या. म्हणजे एकाच मालकानं एकाच मालाचे दोनदा पैसे मोजले.

त्या अल्बमात रेडिओची खरखर आहे, शॉर्टवेव्हवर आकडे आणि अक्षरं वाचणाऱ्या गूढ केंद्राचं रेकॉर्डिंग आहे (अल्बमचं नावही तिथूनच आलं), आणि जिम ओ'रूर्कचं मिक्सिंग आहे. २००४चा 'अ घोस्ट इज बॉर्न' त्याहून पुढे गेला. त्यात एक पंधरा मिनिटांचा ट्रॅक आहे. पहिली तीनेक मिनिटं गाणं, बाकी नुसती घरघर. ट्वीडीला अर्धशिशीचा भयंकर त्रास, त्या वेदनेसारखं काहीतरी ऐकवायचं होतं असं त्यानंच सांगितलंय. त्याच काळात तो वेदनाशामक गोळ्यांच्या विळख्यातून सुटायला उपचार केंद्रात दाखल झाला आणि अल्बम लांबला.

आणि तीन वर्षांनी हा असा शांत, बारा गाण्यांचा अल्बम! शिकागोतल्या त्यांच्या 'लॉफ्ट' नावाच्या स्टुडिओत सहा जण एकत्र बसून वाजवलेला. तुम्हाला त्यात काय ऐकू येतं ते लिहा. 'आवडला / नाही आवडला' एवढंच लिहून पळू नका.

भियाजी

वा भिया, सगळा इतिहास सांगितलास आणि फोक्सवॅगन मात्र शिताफीनं गाळलंस. याच अल्बमची गाणी गाडीच्या जाहिरातींत वाजली होती. एका नाही, अनेक. ज्या बँडला कंपनीनं 'हे विकलं जाणार नाही' म्हणून हाकललं होतं, त्याच बँडची गाणी मोटारी विकायला लागली. ही माघार नाही तर काय?

रामबागकर

जाहिरात गाणं रेकॉर्ड झाल्यावर आली ना. सूर त्याआधीच ठरलेले होते. बाकी मोटार मलाही नको होती, ते मान्य.

जुनी_टेप

पिचफोर्क नावाच्या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं 'यँकी'ला दहापैकी दहा दिले होते आणि 'स्काय ब्लू स्काय'ला ५.२. त्याच परीक्षणात 'डॅड रॉक' (बापलोकांचं रॉक) हे लेबल चिकटवलं गेलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. आता तर कुठल्याही चाळिशीतल्या गिटारवाल्याला ते लावतात. त्याच आठवड्यात अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर आला, हेही नोंदवून ठेवतो. म्हणजे समीक्षक रुसले आणि गिऱ्हाईक खूश.

मी स्वतः तेव्हा समीक्षकांच्या बाजूचा होतो. कॉलेजात असताना आम्हाला 'घोस्ट'मधली ती बारा मिनिटांची घरघर शेवटपर्यंत ऐकणं म्हणजे मर्दुमकी वाटायची. ऐकणारे कमी आणि ऐकलं म्हणून सांगणारे जास्त.

बेसवाला

मी ऐकणाऱ्याच्या नाही, वाजवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो. आमचा चौघांचा बँड आहे, सुदामा नगरात एका मित्राच्या गॅरेजात रियाझ चालतो. 'इम्पॉसिबल जर्मनी' बसवायला घेतलं तेव्हा वाटलं दोन शनिवारांत होईल. कॉर्ड सोपे, ताल सोपा, बेसची ओळ तर मला झोपेत वाजवता येईल अशी.

बसेचना. कारण काय, तर या गाण्यात लपायला जागाच नाही. फझचा, म्हणजे आवाज फाडून खरखरीत करणारा, पेडल दाबला की निम्म्या चुका त्यात बुडून जातात. इथे गिटारचा आवाज स्वच्छ, अँप्लिफायर अगदी आवाज फाटायच्या अलीकडे ठेवलेला. तारेवर बोट जरा तिरकं पडलं तरी भिंतीपलीकडच्या काकूंना कळतं. ड्रमरला म्हटलं हळू वाजव, तर तो लय कमी करतो. अरे, आवाज कमी कर, लय तीच ठेव! हे त्याला जमायला पंधरवडा गेला. हळू आवाजात लय धरून ठेवणं जोरात बडवण्यापेक्षा फार अवघड आहे, ज्यानं केलंय त्याला विचारा.

आणि गाण्याची घडण बघा. जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. साधारण अर्ध्यावर शब्द संपतात ते संपतातच, गायक परत येत नाही. पुढे बँडचा गिटारवाला नेल्स क्लाइन याचा सोलो. सुरुवातीला तो दोन-तीन सुरांतच घुटमळतो, घाई नाही. मग हळूहळू वर सरकतो, मध्येच एखादी तान अशी टाकतो की हा माणूस जॅझमधून आलाय हे उघडं पडतं. आणि तो टिपेला पोचतोय असं वाटतं तेवढ्यात ट्वीडी आणि पॅट सॅन्सोन दोघं मिळून एक बांधलेली जोड-ओळ सुरू करतात, आणि क्लाइन त्या ओळीच्या आत-बाहेर फिरत राहतो. तीन गिटार, आणि एकही दुसऱ्याच्या पायात येत नाही. आम्ही दोन गिटारवाले आहोत आणि रोज एकमेकांच्या पायात येतो.

तिलकनगरवाली

बेसवाला, मस्त लिहिलंत. मला गिटारमधलं काही कळत नाही, मी शब्दांच्या मागे जाते. 'यँकी'मधल्या ओळी सुंदर आहेत पण बऱ्याचशा कोड्यासारख्या. इथे एक आख्खं गाणं आहे ज्यात बायको घरात नाही म्हणून नवरा वेड लागल्यासारखा घरकाम करत सुटलाय. भांडी, कपडे, अंगणातलं गवत, सगळं करून झालं, आता करायला काही उरलं नाही म्हणून बेचैन. रॉकमध्ये विरहाची गाणी पोत्यानं आहेत, पण धुणं वाळत घालणारा विरही मी पहिल्यांदाच ऐकला.

असं लिहायला धाडस लागतं असं माझं मत. कोड्यात लिहिलं की वाचणारा आपणहून खोली शोधतो. सरळ लिहिलं की लोक लगेच म्हणतात, हे तर मलाही सुचलं असतं.

झुमरा

या धाग्यावर यावं की नाही, विचार करत होतो. रॉक हा माझा प्रांत नाही. पण इंदूरचा माणूस 'हळू म्हणजे सोपं' असं म्हणतो तेव्हा राहवत नाही. आपल्या इंदूर घराण्याचे उस्ताद आमीर खाँसाहेब

शेव_जिरावण

आले! आले! कुठलाही धागा काढा, दहाव्या प्रतिसादाच्या आत आमीर खाँसाहेब हजर. मागच्या वेळी गराडू कुठे चांगले मिळतात त्या धाग्यावरसुद्धा आले होते. 😄

झुमरा

मघाशी अर्धाच प्रतिसाद गेला, नातवानं बटण दाबलं. शेव_जिरावण, गराडूच्या धाग्यावर मी सराफ्याच्या जुन्या मैफिलींबद्दल लिहिलं होतं, तो विषय वेगळा.

सांगायचं ते असं. खाँसाहेबांचा ख्याल अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालात चालायचा. चौदा मात्रा, आणि एक आवर्तन संपता संपत नाही. त्यांना तबलजीकडून काय हवं असे? नुसता सरळ ठेका. मध्ये लग्गी नाही, तुकडे नाहीत, हजेरी लावणं नाही. आता तबलजीच्या दृष्टीनं बघा, एवढ्या संथ लयीत काहीही न भरता, समेवर न ढळता बसायचं. भल्याभल्यांची तिथे कसोटी लागायची. आणि त्या मोकळ्या जागेत खाँसाहेब जे करत ते काही सोपं नव्हतं, मेरुखंडाचे, म्हणजे त्याच सुरांचे क्रम उलटसुलट करून बघण्याचे, सगळे हिशेब त्यातच चाललेले असत. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, माणूस स्वतःशीच गुणगुणतोय.

तेव्हा बेसवाले, तुमच्या ड्रमरला सांगा, तो एकटा नाही.

बेसवाला

काका, हे वाचून दाखवलं त्याला. म्हणतो, 'चौदा मात्रा नको, मी चारच धरतो.'

डेक्कनचा_वेताळ

पुण्याहून नाक खुपसतोय, माफी असावी.

हे सगळं चाळीस वर्षं आधी होऊन गेलंय. वेल्व्हेट अंडरग्राउंड हा न्यूयॉर्कचा रॉक बँड. जानेवारी १९६८मध्ये त्यांचा दुसरा अल्बम आला, त्यात 'सिस्टर रे' नावाचा सतरा मिनिटांचा कानठळ्या बसवणारा ट्रॅक. मार्च १९६९मध्ये तिसरा अल्बम, आणि तो एवढा हळुवार की लोकांना रेकॉर्ड बदलली की काय असं वाटावं. मध्ये घडलं काय? जॉन केल बँडबाहेर गेला. व्हायोलाची ती करकर, ऑर्गनचा तो धिंगाणा, सगळं त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या जागी डग यूल आला. माणूस बदलला, आवाज बदलला. इतकं सरळ आहे. विल्कोतही तसंच काहीतरी असणार. उगाच त्यात साधना वगैरे शोधू नये.

रामबागकर

वेताळराव, तुम्ही आलात ते बरं झालं, कारण मला नेमकं हेच बोलायचं होतं. विल्कोत बरोब्बर उलटं झालंय!

वेल्व्हेटमधून गोंगाट करणारा माणूस बाहेर गेला. विल्कोत तो आत आला. नेल्स क्लाइन २००४ साली बँडमध्ये आला, 'घोस्ट' रेकॉर्ड झाल्यानंतर. त्याआधी त्यानं काय केलं होतं? १९९९ साली ड्रमर ग्रेग बेंडियनबरोबर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'इंटरस्टेलर स्पेस' अल्बम आख्खा पुन्हा वाजवून रेकॉर्ड केला होता. मूळ सॅक्सोफोन आणि ड्रम्स, इथे गिटार आणि ड्रम्स. ज्यांनी मूळ ऐकलंय त्यांना ठाऊक आहे तो काय ज्वालामुखी आहे. ड्रमर ग्लेन कोचे २००१पासून आहे, तोही तसलाच: २००६ साली त्याचा एकट्याचा तालवाद्यांचा अल्बम आला, त्यात बालीतल्या केचक गायनावरून बांधलेली रचना आहे. क्रोनॉस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीसाठीही त्यानं लिहिलंय.

म्हणजे बँडच्या इतिहासात सगळ्यांत जास्त प्रयोगखोर मंडळी एका खोलीत जमली आणि त्यांनी सगळ्यांत साधा अल्बम केला. माणसं बदलल्यामुळे आवाज बदलला हे खरं, पण दिशा तुमच्या हिशेबाच्या विरुद्ध आहे. माझा तर्क असा: आधी ट्वीडीला हवा तो गोंधळ मिक्सिंग टेबलावर तयार करावा लागत होता, कारण तो हातांनी वाजवू शकणारे तेवढे लोक नव्हते. आता ते समोर बसलेत. मग गाणं साधं ठेवलं तरी चालतं, आत काय भरायचं ते त्यांना कळतं.

डेक्कनचा_वेताळ

हा मुद्दा चांगला आहे. पण मग ज्वालामुखीला घरी बोलावून त्याच्यावर चहा उकळल्यासारखं झालं ना हे? क्लाइनकडे एवढं सामान आहे आणि बारा गाण्यांत तो खुलतो एक-दोनदा. बाकी वेळ लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) गोड गोड रेघा ओढत बसतो. मला यात वाया गेलेला कलाकार दिसतो.

जुनी_टेप

वेताळांशी सहमत. 'शेक इट ऑफ' गाणं ऐका, सगळे एकमेकांकडे बघत कुणीतरी सुरुवात करेल म्हणून थांबलेत असं वाटतं. 'वॉकन' तर चक्क भरताड. बारातली चार मी वगळून ऐकतो.

रामबागकर

'वॉकन'साठी भांडायला मीही जाणार नाही.

भियाजी

एक शंका. ट्वीडी गोळ्यांतून बाहेर पडला, डोकं शांत झालं, म्हणून गाणी शांत झाली, असं सरळ नाही का म्हणता येणार? आपल्या शेजारी देवासचंच उदाहरण आहे. कुमार गंधर्व क्षयानं आजारी पडले, काही वर्षं गाणं बंद, खाटेवर पडून माळव्याची लोकगीतं कानांवर पडत राहिली, आणि बरे झाल्यावर वेगळंच गाणं घेऊन आले.

तिलकनगरवाली

भियाजी, उदाहरण देताना ते तुमच्याच मुद्द्याच्या विरोधात जातंय हे लक्षात आलं का? कुमारजी आजारातून उठले ते शांत होऊन नाही. छोट्या छोट्या तुटक ताना, लोकधुनांतून नवे राग, नेहमीच्या ख्यालाची चौकट वाकवलेली. जुन्या वळणाच्या लोकांनी त्यावर कितीतरी वाद घातले. आजारानं माणूस साधा होतो असा काही नियम नाही.

शिवाय 'दुःखी कलाकार चांगला, बरा झालेला कलाकार कंटाळवाणा' ही समजूत मला भयंकर चीड आणते. 'घोस्ट'मधल्या बारा मिनिटांच्या वेदनेला आपण वाहवा करायची आणि तो माणूस बरा होऊन बायकोसाठी, वडिलांसाठी गाणी लिहायला लागला की त्याला 'डॅड' म्हणून हिणवायचं? शेवटचं गाणं ऐका एकदा. ट्वीडीची आई २००६ साली गेली, त्यानंतर वडिलांना धीर द्यायला लिहिलेलं ते गाणं. त्यात मला कुठेही आळस दिसत नाही. पियानो सुरू होतो आणि आवाज अगदी बारीक ठेवलाय, मोठा करायचा मोह आवरलाय.

झुमरा

ताई, कुमारजींबद्दल अगदी बरोबर लिहिलंत.

शेव_जिरावण

काका, आता आमीर खाँ की कुमार गंधर्व असा नवा धागा नका काढू, इंदूर-देवास रस्ता बंद पडेल.

ग्वाल्हेरी

मला एक कळत नाही, सगळे 'परतले, परतले' म्हणताय, पण ते तिथे राहिले कुठे? २०११च्या 'द होल लव्ह'ची सुरुवातच सात मिनिटांच्या खडबडीत, इलेक्ट्रॉनिक ठोक्यांच्या गाण्यानं आहे. २०१५चा 'स्टार वॉर्स' फझनं भरलेला, तो तर न सांगता अचानक फुकट सोडला. मग २०२२मध्ये 'क्रुएल कंट्री', एकवीस गाणी, पुन्हा लॉफ्टमध्ये एकत्र बसून, आणि ट्वीडी स्वतःच म्हणाला की ही कंट्री गाणी आहेत. लगेच पुढच्या वर्षी 'कझिन', त्याला बाहेरची निर्माती केट ले बॉन, पुन्हा वाकडेतिकडे आवाज. हा बँड दोन खोल्यांमध्ये येरझाऱ्या घालतो. २००७ ही त्यातली एक फेरी.

रामबागकर

ग्वाल्हेरी, येरझाऱ्या मान्य. पण २००४पासून आजपर्यंत तेच सहा जण आहेत हे विसरू नका. ट्वीडी, स्टिरॅट, कोचे, जॉर्गेन्सन, क्लाइन, सॅन्सोन. त्याआधी जवळपास प्रत्येक अल्बमला कुणीतरी गेला, कुणीतरी आला. 'यँकी'च्या वेळी बँडमधल्या जे बेनेट नावाच्या वादकाला काढलं, ती भांडणं तर माहितीपटात चित्रित झालीयेत. 'स्काय ब्लू स्काय' हा या सहा जणांचा एकत्र केलेला पहिला स्टुडिओ अल्बम. नंतर ते वाकडेतिकडे गेले ते एकमेकांचे कान ओळखून गेले, आणि ती ओळख त्या लॉफ्टमध्ये झाली. म्हणून मी त्याला मधली फेरी म्हणणार नाही.

'क्रुएल कंट्री' मात्र मला लांब वाटतो. एकवीसमधली बारा ठेवली असती तर बरं झालं असतं.

नवखा_पलासिया

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

जुनी_टेप

'यँकी'पासून. ओळीनं.

रामबागकर

'इम्पॉसिबल जर्मनी'पासून. हेडफोन लावून, रात्री.

बेसवाला

रविवारी संध्याकाळी गॅरेजात या, आम्ही वाजवतो. ड्रमरकडे बघू नका, तो दडपणाखाली आहे.

झुमरा

नातवाकडून लावून घेतलं ते जर्मनीचं गाणं. दोनदा ऐकलं. गायकाचा आवाज मला रुचला नाही, सुरावर येऊन बसण्याऐवजी सुराच्या कडेला टेकतो. पण तो गिटारवाला! सुरुवातीला तो जे थांबतो, तीन सुरांत फिरतो, ते अस्सल बढतीचं, म्हणजे राग सावकाश उलगडत नेण्याचं, लक्षण आहे. मला वाटलं आता हा वर जाऊन एकटा उभा राहणार. तेवढ्यात बाकीच्या दोघांनी ती बांधलेली ओळ सुरू केली आणि मजा गेली. त्याला मोकळं सोडायला हवं होतं.

बेसवाला

काका, नाही! ती ओळ म्हणजेच तर त्याचा ठेका आहे. ती नसती तर तो कुठे उभा आहे हे कळलंच नसतं.

झुमरा

ठेका खालून द्यायचा असतो, समोर येऊन नाही. रविवारी किती वाजता म्हणालात?